अंदाजाने सांगा

"चार," दादा म्हणाला, आणि पडद्यावर आठ होता. मी चारची कळ दाबली. पुढचा आकडा तीन आला. दादा जरासा थांबला आणि म्हणाला, "शून्य." इथं माझं बोट अडखळलं. तोवर मी नेहमीसारखं काम करत होते, म्हणजे अर्धं लक्ष कानात आणि अर्धं जेवणाच्या डब्यात. इतकी वर्षं केल्यावर हात आपला आपण चालतो. पण आठाचा चार होत नाही. आठाचा सहा होतो, नऊ होतो, शून्य तर हटकून होतं, कारण आमच्या पडद्यावरचा आठ, कॅल्क्युलेटरवरच्यासारखा, सात काड्यांचा बनलेला असतो आणि त्यातली एखादी काडी डोळ्यांतून निसटली की तेवढंच उरतं. चार व्हायला तीन काड्या निसटाव्या लागतात आणि त्याही नेमक्या हव्या त्या. तिनाचं शून्य करायचं तर मधली एक काढून दोन नव्या आणून लावाव्या लागतात. डोळे एवढी मेहनत घेत नाहीत. डोळे आळशी असतात, ते चुकले तरी जवळच्या आकड्यावर जाऊन बसतात. एकाला सात म्हणतील, पाचाला सहा म्हणतील, तिनाला नऊ म्हणतील. आपल्या चुकांनाही नाती असतात, असं मी नव्या माणसांना शिकवताना सांगते आणि ती माणसं ते लिहून घेतात. दादाच्या चुकांना नातं नव्हतं. मी शून्याची कळ दाबली आणि पुढचा आकडा आणला.

ही खोली आतून काळी रंगवलेली आहे. माझ्या आणि समोर बसणाऱ्याच्या मध्ये एक फळी उभी असते, त्यामुळे त्याचा चेहरा मला दिसत नाही आणि माझा त्याला. माझ्या बाजूला कॉम्प्युटर, त्याच्या पुढ्यात कोणता आकडा आहे ते मला त्यावर कळतं. त्याच्या बाजूला हनुवटी टेकवायला कठडा, पुढे राखाडी पडदा, आणि त्या राखाडीवर जरा जास्त राखाडी असा एक आकडा. आकडा आधी ठळक असतो, मग फिका होत होत जातो. मागचा रंग आणि आकड्याचा रंग यांतल्या या फरकाला आमच्याकडे कॉन्ट्रास्ट म्हणतात. आई शिवणकाम करायची, तिचा शब्द उठाव होता; कापड खिडकीशी धरून ती म्हणायची, यावर हा दोरा नको, उठाव येत नाही. उठाव किती कमी केला तरी माणूस आकडा वाचू शकतो एवढंच मी मोजते. वजनकाटे, पेट्रोलपंप, लिफ्ट, इस्पितळातली यंत्रं, जिथं म्हणून आकडे उजळतात तिथले बरेचसे डिस्प्ले आमच्या कंपनीचे असतात, आणि ते वाचता येतात की नाही हे या काळ्या खोलीत ठरतं. खोलीचा नियम एकच. 'दिसत नाही' हे उत्तर नाही. दिसत नसेल तर अंदाजाने सांगा, पण आकडा सांगा. लोक वैतागतात. एक बाई मला म्हणाली होती, अहो, नाही दिसत तर नाही दिसत, जबरदस्ती आहे का? आहे, मी म्हणाले. आणि आज कठड्यावर हनुवटी टेकवून बसलेला माणूस माझा सख्खा थोरला भाऊ होता, हे त्या इमारतीत दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला.

दादा गोदीत क्रेन चालवतो. जहाजावरचा कंटेनर उचलायचा, हवेतून आणायचा, खाली ट्रेलरवर अलगद ठेवायचा. केबिन इतकी उंच की चढून जाईपर्यंत माणूस दमतो. त्याच्यासमोर आमच्याच कंपनीचा डिस्प्ले आहे, त्यावर ओझ्याचं वजन येतं आणि ते मर्यादेबाहेर गेलं तर ओझं उचलायचं नसतं. गेल्या हिवाळ्यात दादानं वरच्यांना कळवलं की ते आकडे आपल्याला दिसेनासे झालेत. आधी सगळ्यांनी उन्हाला दोष दिला. काचेवर ऊन पडलं की आकड्यांचा उठाव जातो, ही तक्रार जुनीच. म्हणून काचेवर झापड बसवलं. तरी दिसेनात. बाकीच्या चालकांना दिसत होते. मग त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं आणि तिथं या शहाण्यानं भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचून दाखवली. पण पांढऱ्यावरचं काळं स्वच्छ वाचणारा माणूस फिक्या आकड्यांपुढे आंधळा असू शकतो, असं क्वचित असतं, आणि गोदीच्या डॉक्टरांना ते माहीत होतं. म्हणून प्रकरण आमच्याकडे आलं. फिके आकडे वाचता येत नाहीत असं निघालं तर दादाला फाटकावर जमिनीवरचं काम मिळणार होतं. वाचता येतात असं निघालं तर त्यानं पुन्हा वर चढायचं, नाही तर घरी बसायचं, आणि खोटं कारण सांगून काम टाळलं असा शेरा घेऊन बसायचं. सकाळी कागदावर त्याचं नाव वाचलं तेव्हाच मी साहेबांना सांगायला हवं होतं की हा माझा भाऊ, इथं दुसऱ्या कुणाला बसवा. मी सांगितलं नाही. लग्नानंतर आडनाव बदललं, त्याचा मला झालेला हा पहिला उपयोग. बाहेरच्या बोळात दादा गोदीच्या डॉक्टरांच्या मागे उभा होता, इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नमस्कार, मॅडम." मी म्हणाले, "या, बसा." आमचं आधी काहीही ठरलेलं नव्हतं.

"नऊ," दादा म्हणाला. पडद्यावर एक होता. आतापर्यंत फिक्या आकड्यांत तो एकदाही बरोबर आला नव्हता. बाहेरच्या माणसाला वाटेल, मग बरंच झालं, दिसत नाही म्हणतोय ते सिद्धच झालं. तिथंच तर मेख आहे. ज्याला अजिबात दिसत नाही त्याचाही दहात एखादा आकडा लागतोच. आंधळेपणाला तेवढं नशीब असतं. ज्याचा एकही लागत नाही त्याला सगळं लख्ख दिसत असतं. तो आकडा बघतो, ओळखतो, बाजूला ठेवतो आणि दुसरा उचलून देतो. चुकीचं सांगायला आधी बरोबर दिसावं लागतं. म्हणूनच तो प्रत्येक वेळी जरासा थांबत होता. मला पहिल्यांदा राग आला. खोटं बोलतोय याचा नाही, इतकं वाईट खोटं बोलतोय याचा. शिवाय हे सगळं मी त्याला सांगितलेलं होतं, त्याच्याच घरी, चहा पिताना, रंगवून. विम्याचे पैसे काढायला आलेला एक इसम, सगळे आकडे चुकवून कसा स्वतःच्याच पायानं खड्ड्यात गेला ते. दादा "अरे वा" म्हणाला होता. दादा अरे वा म्हणाला म्हणजे त्यानं ऐकलं नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचं मन चहाच्या कपात असतं किंवा माझ्या मुलीनं फोडलेल्या खेळण्यात, जे तो जाता जाता दुरुस्त करून ठेवतो. मी माझ्या कामाबद्दल बोलते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कौतुक असतं, पण ते बोलण्यातल्या मजकुराचं नसतं. मी बोलतेय याचंच असतं.

दादाला हरता येत नाही. म्हणजे हरण्याचं त्याला वाईट वाटत नाही, त्याला फक्त ते नीट जमत नाही. आई-बाबा दोघंही उशिरा यायचे, संध्याकाळी घरात आम्ही दोघंच. शेजाऱ्यांच्या घड्याळात उजळणारे आकडे त्यानं पाहिले होते आणि ते तो मला काड्यापेटीच्या काड्यांनी करून दाखवायचा. मी पेटवापेटवी करीन म्हणून काड्यांची गुलं आधी मोडून टाकायचा. सगळ्या काड्या लावल्या की आठ, ही काडी काढ, झाला सहा, ती काढ, झाला नऊ. मला अंक शाळेनं नाही शिकवले, त्या काड्यांनी शिकवले. मग खेळ सुरू व्हायचा. मी एक आकडा मांडून तो तळहातानं झाकायचा आणि दादानं ओळखायचा. माझा तळहात तो केवढा, आकडा दोन्ही बाजूंनी बाहेर डोकवायचा. दादा कपाळाला आठ्या घालून विचार करायचा आणि म्हणायचा, पाच? हात उचलला की दोन निघायचा. मी टाळ्या पिटायची. तो मला मुंगी म्हणायचा, अजून म्हणतो. पुढे क्रेनवर लागल्यावर सांगायचा, वरून बघितलं तर सगळं जगच तुझ्याएवढं आहे, मुंगे, तू उगीच वाईट वाटून घ्यायचीस. तर एकदा जिंकता जिंकता मी रडायला लागले. त्यानं विचारलं काय झालं, तर मी म्हणाले, तू एकदा तरी जिंकत कसा नाहीस? तो म्हणाला, "काय करणार, नशीबच फुटकं माझं." मला तेव्हाच कळलं होतं आणि तरीही मी खेळत राहिले, कारण जिंकायला मला आवडायचं. आता फळीच्या पलीकडे तोच माणूस कपाळाला आठ्या घालून बसला असणार, मला न बघताही त्या दिसत होत्या. इतक्या वर्षांत त्याच्या पद्धतीत काडीचाही फरक पडला नव्हता.

फेरी संपली आणि मी दिवा लावला. बोळात आलो तेव्हा डॉक्टर बाकावर पेपरमिंट चघळत बसले होते. जाडजूड, हसतमुख माणूस. मला ते आवडले आणि आवडले नसते तर बरं झालं असतं असं वाटलं. दादा पाण्याचा ग्लास घेऊन भिंतीशी उभा राहिला आणि बुटांकडे बघू लागला. "काय म्हणतायत आमचे पाहुणे?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणाले, पहिली फेरी सरावाची धरते, माणूस बावरलेला असला की आम्ही तसं करतो. हे खोटं नव्हतं. नियमात तशी सोय आहे, मी ती फारशी कधी वापरत नाही एवढंच. "बावरलेले? हे?" डॉक्टर हसले. "अहो मॅडम, मला माळ्यावरची ट्रंक काढायला स्टुलावर चढलं तरी गरगरतं. हे तिथं वर बसून डबा खातात. यांना कसलं बावरायला होतंय!" दादाही हसला, बुटांकडे बघतच. डॉक्टरांनी मला थोडं बाजूला घेतलं, म्हणजे दोन पावलं. त्या बोळात बाजू अशी नाहीच. "खरं सांगू? माणूस लाखात एक आहे. पण हल्ली गोदीत खाली उतरायचं असलं की प्रत्येकाचं काही ना काही बिघडतं. कुणाची पाठ, कुणाची मान. डोळे मात्र मी पहिल्यांदाच ऐकतोय. तुमच्या मशीनला खोटं कळतं म्हणे?"

"मशीनला नाही कळत. बेरीज केली की कळतं."

"मग करा बेरीज. डोळे गेले असतील तर मी स्वतः त्यांना फाटकावर खुर्ची देतो, उशीसकट देतो. पण धडधाकट माणसाला खुर्ची दिली तर उद्या माझ्या दारात रांग लागेल." त्यांच्या म्हणण्यात चूक काही नव्हती. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते, फक्त उशीचं म्हणाले नसते. "अजून बराच वेळ लागेल का, मॅडम?" दादानं विचारलं. मी म्हणाले, "आता लागला तेवढाच." आणि तेव्हा माझं लक्ष त्याच्या भिंतीवरच्या हाताकडे गेलं. माणूस भिंतीला हात टेकतो तसा तो टेकलेला नव्हता. पाचही बोटं पसरून त्यानं भिंत धरून ठेवली होती, तीही तळमजल्यावर.

असा हात मी एकदा पाहिला होता, आमच्याच घरी. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि नवऱ्याला आमच्या गॅलरीचं फार कौतुक. त्यानं गॅलरीत खुर्च्या मांडल्या, तर दादा आतल्या खोलीत जाऊन बसला. म्हणाला, वारा लागतो. ज्यानं उभा जन्म वाऱ्यात काढला त्याला चौथ्या मजल्यावर वारा लागत होता. नवऱ्यानं त्याची चेष्टा केली, मीही केली. दारातून आत जाताना दादानं चौकट अशीच धरली होती. मग चहा पिता पिता त्यानं एक गंमत सांगितली. तो गंमत म्हणूनच सांगत होता. "परवा काय झालं, ओझं वर लटकलेलं आणि खाली त्याच्या सावलीत एक जण चक्क डबा उघडून बसलेला. ऊन होतं ना. मी भोंगा दिला. तर त्यानं वर बघून मला हात केला. त्याला वाटलं, मी विचारतोय, काय, जेवण चाललंय का?" आम्ही पोट धरून हसलो. "मग?" नवरा म्हणाला. "मग काय. जेवला, हात धुतला, उठून गेला. तोवर मी आपला धरून बसलो." थोड्या वेळानं, कुणीही काही विचारलेलं नसताना, तो म्हणाला, "नंतरसुद्धा क्रेनच्या दांड्यावरून हातच निघेना. गंमतच." मी त्याला आणखी चहा ओतला. त्यानंतर केव्हातरी वहिनीचा फोन आला होता. वहिनी उगाच फोन करणाऱ्यांतली नाही. "ताई, एक विचारू? हे सकाळी बाथरूममध्ये जाऊन बसतात. किती वेळ बसतात. नळाचा आवाज येत नाही. मी बाहेरून विचारते, काय करताय, तर म्हणतात, आंघोळ. आणि कोरडेच बाहेर येतात, कपडे घालतात, कामाला जातात." मी म्हणाले, तूच विचार ना काय होतंय. ती म्हणाली, "विचारलं. म्हणतात, डोळे चुरचुरतात." मी म्हणाले, मग डोळे दाखवा. मी आकड्यांची बाई, मला तेवढंच सुचलं.

डोळे गेले तर लोक हात धरून रस्ता ओलांडून देतात. धीर गेला, हे सांगायला मात्र माणसाकडे तोंड नसतं, आणि समजा सांगितलं तरी कुठल्याच गोदीच्या नियमात भ्यालेल्या माणसासाठी फाटकावर खुर्ची नाही. दादानं तेवढा विचार केला असणार. जे गेलं होतं ते दाखवता येईना, म्हणून जे गेलं नव्हतं ते त्यानं गेलं म्हणून सांगितलं. आणि पुन्हा वर पाठवला तर तो जाईल, हे मला माहीत होतं. शेरा नको, वहिनीला कळायला नको, म्हणून जाईल, आणि ज्याचा हात दांड्यावरून निघत नाही तो माणूस लोकांच्या डोक्यावर कंटेनर धरून बसेल, आणि खाली कुणीतरी सावली बघून डबा उघडेल. डॉक्टर पेपरमिंटचा कागद खिशात ठेवत होते. मी दादाला एवढंच पुटपुटू शकत होते की मधूनमधून बरोबर सांगत जा. शब्द अगदी जिभेवर होते. अडचण डॉक्टरांची नव्हती, ते थोडे बहिरेच वाटत होते. सांगितलं असतं तर दादाला कळलं असतं की मला कळलंय. मग त्यानं माझ्या घरी चहा प्यायला कोणत्या तोंडानं यायचं? मी म्हणाले, "चला," आणि तो भिंत सोडून माझ्यामागून आत आला.

आत आल्यावर मी दिवा घालवला. पडद्याच्या मागच्या अंगाला एक गोल बटण आहे. पडदा नवा बसवताना त्यानं आकड्यांचा उठाव जुळवतात, एरवी त्याला कुणी हात लावत नाही. ते पार उलटं फिरवलं तर कॉम्प्युटरच्या हिशेबी पडद्यावर आकडा असतो आणि प्रत्यक्षात नुसता राखाडी रंग उरतो. या खोलीत मी आजवर एकही खोटी नोंद केलेली नाही. मी फार सच्ची आहे अशातला भाग नाही. खोट्या नोंदीची गरजच कधी पडली नव्हती. आताही एका परीनं नोंदी खऱ्याच होणार होत्या. समोरच्याला काही दिसणार नव्हतं, तो अंदाजाने सांगणार होता, आणि मी तो सांगेल तेच दाबणार होते. बेरीज चोख आली असती. पितळ उघडं पडलं असतं तर माझी खुर्ची गेली असती, आणि मला कुणी फाटकावर उशी दिली नसती. हे सगळं मी अगदी शांतपणे मनात मांडलं, दुसऱ्याच कुणाचं चाललंय तसं.

ठळक आकडे मी तसेच ठेवले. "दोन. नऊ. पाच." सगळे बरोबर, एवढे वाचायचे हे त्यानं मनाशी ठरवलेलंच होतं. आकडे फिके होऊ लागले तसा मी हात पडद्यामागे नेला आणि बटण फिरवलं. फळीच्या कडेवर पडद्याचा जो मंद उजेड पडतो तो किंचित बदलला. नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. "सांगा," मी म्हणाले.

"आलाय का?"

"आलाय."

"एक," तो म्हणाला, आणि मग घाईघाईनं, "सहा." नंतर तो पुन्हा थांबला. मघाचं त्याचं थांबणं वेगळं होतं, त्यात एक निवड असायची. आता नाकारायला त्याच्या हातात आकडाच नव्हता. खुर्ची करकरली. तो पुढे सरकून पडद्यात बघत असणार, मग मागे सरकून. "मॅडम, हे चालू आहे ना?"

"चालू आहे. अंदाजाने सांगा."

"आता खरंच दिसत नाहीये."

बोलून गेल्यावर त्याला ते ऐकू आलं असावं. मला तर आलंच होतं. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता आणि दाराबाहेर डॉक्टर कुणाला तरी फोनवर जेवायला काय आहे ते विचारत होते. मला वाटलं, आता तो हसेल, काहीतरी सारवासारव करील. पण तो बोलला तेव्हा मॅडम म्हणाला नाही. "वर असंच होतं, मुंगे," तो म्हणाला, अगदी हळू. "चढून बसलो की थोड्या वेळानं सगळं असंच होतं. आकडे तिथं असतात. मला ठाऊक असतं, की आहेत. पण मग हे असं होतं, अगदी हेच. मी किती जणांना सांगितलं, दिसत नाही म्हणून. खाली आलो की दिसतात, मग मी तरी काय करू?"

मला लाज वाटली. सकाळपासून मी त्याच्या खोटेपणाचा हिशेब करत बसले होते, वर त्याच्यावर दया करून त्या हिशेबाला ठिगळ लावत होते, आणि तो खरं तेच सांगत होता. फक्त ते इथं, जमिनीवर, तपासता येत नव्हतं, म्हणून त्याला त्याचं सोंग करून दाखवावं लागत होतं. फळीच्या कडेला एक फट आहे. तिच्यातून कधी बघायचं नाही असं मीच सगळ्यांना बजावते. मी बघितलं. दादानं टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. कपाळावर घाम होता. हनुवटी मात्र कठड्यावर होती, मी सुरुवातीला सांगितल्याप्रमाणे, ती त्यानं जराही हलवली नव्हती.

"थांबवू का, दादा?" मी म्हणाले.

"नको," तो म्हणाला. "विचार तू. सांगतो मी."

मी पुढचा आकडा आणला. तो कोऱ्या राखाडीकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "सात." मी सातची कळ दाबली. कॉम्प्युटरवर कोणता आकडा होता ते मी पाहिलं नाही.